डार्क चॉकलेट: गुण कोकोचे, श्रेय चॉकलेटला

"मला शुगर आहे, पण डार्क चॉकलेट चालतं ना?" हा प्रश्न हल्ली डॉक्टरांना विचारतात, तसाच घरातल्या सायन्स शिकलेल्या भाच्यालाही विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात 'हो' आधीच ठरलेलं असतं, फक्त शिक्का मारून हवा असतो. आता या समजात अगदीच तथ्य नाही असं नाही. पण ते तथ्य कोकोच्या बीमध्ये आहे, आणि बीपासून रॅपरपर्यंत पोचताना त्यातलं बरंचसं गळून जातं.

कोकोच्या बीमध्ये फ्लेव्हॅनॉल नावाची संयुगं असतात. त्यातलं सर्वांत महत्त्वाचं एपिकॅटेचिन. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं. या पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करतात, त्यामुळे वाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैलावतात आणि वाहिनी रुंदावते. या वायूचं काम उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. एपिकॅटेचिन हा वायू तयार व्हायला हातभार लावतं. हे मोजायची पद्धत मोठी साधी आहे. हाताला बीपीचा पट्टा आवळून पाचेक मिनिटं रक्त अडवून धरायचं आणि मग एकदम सोडायचं. रक्ताचा लोंढा आला की दंडातली धमनी किती फुलते, ते सोनोग्राफीवर बघायचं. भरपूर फ्लेव्हॅनॉल असलेला कोको प्यायल्यावर दोनएक तासांत ती जास्त फुललेली दिसते. एवढी गोष्ट पक्की आहे.

या संशोधनाला खरा जोर आला तो पनामाच्या सॅन ब्लास बेटांवरच्या 'कुणा' नावाच्या आदिवासी जमातीमुळे. मीठ कमी खात नसूनही त्यांचं बीपी वयाबरोबर वाढत नव्हतं. पनामा सिटीत राहायला गेलेल्या कुणांचं मात्र वाढत होतं. हार्वर्डच्या नॉर्मन हॉलेनबर्ग यांनी याचं कारण बेटांवर रोज प्यायल्या जाणाऱ्या कोकोत शोधलं. पुढे २०१२ मध्ये, कुणांमध्ये वर्षानुवर्षं काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ जेम्स हाउ यांनी, सांगितलं जातं तेवढा कोको हे लोक पितच नाहीत, असा आक्षेप घेतला. गोष्ट छान असली की ती तपासून बघायला उशीर होतो, त्यातलाच हा प्रकार.

मग मोठी चाचणी झाली. अमेरिकेतल्या 'कॉसमॉस' या अभ्यासात २१ हजारांहून अधिक ज्येष्ठांपैकी निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको-फ्लेव्हॅनॉल दिलं, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच कॅप्सूल. साडेतीन वर्षांनंतर हृदयविकाराच्या एकूण घटना १० टक्के कमी दिसल्या, पण हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतपतच होता. हृदयविकाराने होणारे मृत्यू २७ टक्के कमी झाले. हा आकडा आश्वासक आहे, पण तो चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता. आणि दिली होती ती कॅप्सूल, चॉकलेट नव्हे. खर्चाचा काही भार मार्स या चॉकलेट कंपनीच्या शाखेने उचलला होता, हेही ध्यानात असू द्यावं. बीपीचं म्हणाल तर ३५ चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडल्यावर कोकोने ते सरासरी जेमतेम २ मिलिमीटरने उतरतं असं दिसलं. बीपीची गोळी बंद करावी असं यात काही नाही.

आणि शुगर? २०२४ मध्ये अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या दीर्घ नोंदींवरून असं दिसलं, की आठवड्यातून पाच वेळा डार्क चॉकलेट खाणाऱ्यांना टाइप २ मधुमेह २१ टक्के कमी झाला. मिल्क चॉकलेटने तसं काही दिसलं नाही. पण डार्क खाणारी माणसं एरवीही तब्येतीला जपणारी असू शकतात. 'कॉसमॉस'मध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तशी माणसांची वाटणी केलेली होती, आणि तिथे कोकोने मधुमेह टळल्याचं दिसलं नाही. माझा कल अर्थातच या दुसऱ्या निकालाकडे आहे. शिवाय हे सगळं मधुमेह टाळण्याबद्दल आहे. ज्यांना तो झालेलाच आहे, त्यांना साखरेचा हिशेब ठेवावाच लागेल.

आता दुकानातलं पाकीट हातात घ्या. '७० टक्के कोको' म्हणजे कोकोचा एकूण भाग. त्यात कोकोचं लोणीही आलं, आणि त्यात फ्लेव्हॅनॉल जवळजवळ नसतंच. बिया आंबवताना आणि भाजताना फ्लेव्हॅनॉल कमी होतं. कडवटपणा मारायला आणि रंग गडद करायला कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केली तर ते फारच घटतं. साध्या कोको पावडरीत ग्रॅममागे सरासरी ३५ मिलिग्रॅम, तर जबर प्रक्रिया केलेल्या पावडरीत अवघं ४, असा फरक मोजला गेला आहे. म्हणजे काळाकुट्ट रंग ही उलट धोक्याची खूण ठरू शकते. घटकांच्या बारीक अक्षरांत आम्लता नियंत्रक म्हणून ५०० किंवा ५०१ हे क्रमांक दिसले, तर अल्कलीचा हात फिरलेला असण्याची शक्यता आहे. आणि 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट' लिहिलेलं असेल तर ते बेकरीवाल्यांचं 'कंपाउंड', म्हणजे कोकोच्या लोण्याऐवजी दुसरी चरबी घातलेलं चॉकलेट. ते तब्येतीच्या नावाखाली घेऊ नये.

प्रमाणाचं सांगायचं तर ७० ते ८५ टक्क्यांच्या २० ग्रॅम चॉकलेटमध्ये १२० कॅलरी आणि सुमारे ५ ग्रॅम साखर असते. रोजच्या मिठाईऐवजी एवढं खाल्लं तर सौदा चांगला, मिठाई खाऊन वर हे खाल्लं तर तोट्याचा. रोज मोठी वडी संपवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कोकोत कॅडमियम आणि शिसं सापडतं. कॅडमियम झाड मातीतून ओढून घेतं, शिसं बिया वाळवताना धुळीतून चिकटतं. दोन्ही कोकोच्या घन भागात असल्यामुळे डार्कमध्ये जास्त. म्हणून गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ते रोज देऊ नये. ज्यांना ऑक्झलेटचे मूतखडे होतात, त्यांनीही हात आखडता घ्यावा, कारण कोकोत ऑक्झलेट भरपूर असतं.