भाटी गुर्जर आणि भाटी राजपूत: आडनाव एक, समाज दोन

उत्तर प्रदेशातल्या दादरी, ग्रेटर नोएडा या पट्ट्यात भाटी आडनावाचा माणूस भेटला, तर तो बहुधा गुर्जर असतो. जैसलमेरकडे भेटला, तर बहुधा राजपूत. आपल्याकडे पवार मराठ्यांत आहेत, धनगरांत आहेत, बंजाऱ्यांतही आहेत. म्हणून काही त्यांच्यात आपसांत सोयरीक होते असं नाही. भाट्यांचंही तसंच.

राजपूत भाटी स्वतःला यदुवंशी, म्हणजे कृष्णाच्या कुळातले मानतात. लोद्रवा ही जुनी राजधानी सोडून रावल जैसलने 1156 मध्ये जैसलमेर वसवलं, ते संस्थान विलीन होईपर्यंत गादी याच कुळाकडे राहिली.

गुर्जर भाट्यांचा इतिहास गादीपेक्षा गावांचा. दादरीभोवतीची त्यांची गावं परंपरेने 360 सांगतात आणि त्या मुलखाला भटनेर म्हणतात. नवखा वाचक इथेच फसतो, कारण राजस्थानातल्या हनुमानगडचं जुनं नावही भटनेर! तो राजपूत भाट्यांचा किल्ला. 1398 मध्ये तैमूरने तो घेतला होता. पुढे 1805 मध्ये बिकानेरच्या सूरतसिंहाने तो मंगळवारी, म्हणजे तिकडे हनुमानाचा मानतात त्या वारी जिंकला, म्हणून हनुमानगड. दादरीच्या भटनेरची ओळख वेगळी. 1857 मध्ये या गावांनी इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललं आणि राव उमरावसिंह भाटी हे त्या उठावातलं मोठं नाव.

गंमत म्हणजे बरेच गुर्जर भाटीही आपलं मूळ जैसलमेरचंच सांगतात. त्यामुळे वंशावळीवरून फरक ओळखायला गेलात तर गोंधळ वाढतो. मी तरी आधी सोयरीक विचारेन. भाटी गुर्जर भाटी गोत्रात लग्न करत नाही. नागर, कसाना, बैंसला अशा दुसऱ्या गुर्जर गोत्रांत करतो. राजपूत भाट्यांचं देणं-घेणं राठोड, चौहान अशा राजपूत कुळांशी. सरकारदरबारीही वाटा निराळ्या: उत्तर प्रदेशात गुर्जर ओबीसीत, राजपूत खुल्या वर्गात. (मुंबईतले कच्छी भाटिया आणखी तिसरेच. तो व्यापारी समाज, यदुवंश मात्र तेही सांगतात.)

इतिहासावरचा हक्क दोन्ही समाज सहजी सोडत नाहीत. सप्टेंबर 2021 मध्ये खुद्द दादरीत सम्राट मिहिरभोजाच्या पुतळ्याच्या फलकावर 'गुर्जर' शब्द हवा की नको, यावरून गुर्जर आणि राजपूत आमनेसामने आले. मिहिरभोज तर प्रतिहार घराण्यातला, भाटी नव्हेच.