गिअर-चेन यंत्रणेचे कॅड मॉडेलिंग

गिअर, स्प्रॉकेट (चेन ज्यावर चालते ते दातेरी चाक) आणि चेन यांनी जोडलेली यंत्रणा संगणकावर त्रिमितीत उभी करून तिची चाल आधीच पडताळण्याची पद्धत. कोल्हापुरात उसाचे चरक, साखर कारखान्यांचे सुटे भाग आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतले कास्टिंग या कामांत ती थेट उपयोगी पडते.

रसवंतीतला तीन रोलरचा चरक घ्या. वरच्या रोलरचा गिअर खालच्या दोन्ही गिअरांना फिरवतो, म्हणून खालचे दोघे एकाच दिशेने फिरतात. सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये या दोन जोड्यांना ‘गिअर मेट’ (दोन भागांच्या फिरण्याची सांगड घालणारी जोडणी) दिला की पुरे. नवशिका खालच्या दोघांतही तिसरा मेट देतो आणि अख्खी असेंब्ली (सगळे भाग जोडलेले मॉडेल) जाम होते. त्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. तिघे एकमेकांत अडकले तर लोखंडाचे गिअरही फिरत नाहीत.

गिअर मेट म्हणजे निव्वळ फिरण्याचे गुणोत्तर. दाताला दात लागतो का, हे तो पाहत नाही. शाफ्टमधले अंतर चुकून दाते एकमेकांत घुसले तरी पडद्यावर सगळे झकास फिरते. 5 मोड्यूलच्या (मोड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचे माप), 18-18 दात्यांच्या जोडीला 90 मिमी अंतर लागते. ते आधी स्केचमध्ये बांधावे, मेट नंतर. खरा स्पर्श तपासायला मोशन स्टडीत, म्हणजे चाल तपासण्याच्या सुविधेत, ‘कॉन्टॅक्ट’ लावावा लागतो, पण त्याने संगणक रखडतो. कारखान्याच्या मिलमध्ये आणखी एक भानगड असते: ऊस जास्त आला की वरचा रोलर उचलला जातो. म्हणून तिथल्या क्राउन पिनियनचे (रोलरांना जोडणाऱ्या गिअरचे) दाते मुद्दाम लांब ठेवतात. मॉडेलमध्येही रोलर वर-खाली करून दोन्ही टोकांना दाते तपासावेत.

चेनचे दुखणे कड्यांच्या हिशेबात असते. 12.7 मिमी पिच (चेनच्या लगतच्या दोन पिनांमधले अंतर), 17 आणि 34 दात्यांचे स्प्रॉकेट, मधले अंतर 300 मिमी धरले, तर साधारण 73 कड्या येतात. विषम संख्येला जोडकडी वेगळी, कमजोर लागते. त्यापेक्षा 74 कड्या घेऊन अंतर 306 मिमी करणे बरे. ‘चेन कॉम्पोनंट पॅटर्न’ कड्या मार्गावर नीट मांडतो, मात्र सगळ्या कड्या हलत्या ठेवल्या की फाईल जड होते. ‘बेल्ट/चेन’ सुविधा स्प्रॉकेटला गुळगुळीत वर्तुळ मानते. प्रत्यक्षात चेन बहुकोनावरून जाते, त्यामुळे 17 दात्यांवर तिचा वेग सुमारे 1.7 टक्के खालीवर होतो. तो हिसका या सुविधेत दिसत नाही.