व्यस्त परासरण यंत्र, व्यापारी

पाण्यावर त्याच्या परासरण दाबाहून अधिक दाब देऊन ते अर्धपार्य पटलातून पलीकडे ढकलणारे आणि विरघळलेले क्षार अलीकडेच अडवणारे जलशुद्धीकरण यंत्र. परासरण म्हणजे अशा पटलातून पाणी आपोआप कमी क्षारांच्या बाजूकडून जास्त क्षारांच्या बाजूकडे जाणे; या यंत्रात दाबाने ती दिशा उलटवलेली असते. व्यवहारात ‘आरओ मशिन’ किंवा नुसते ‘आरओ’ (इंग्रजी ‘रिव्हर्स ऑस्मोसिस’वरून). ओट्यावरच्या घरगुती यंत्रापेक्षा व्यापारी यंत्र वेगळे असते. त्याची क्षमता ताशी २५० लिटरपासून काही हजार लिटरपर्यंत असते. ते लोखंडी किंवा स्टेनलेस स्टीलच्या चौकटीवर उभे असते आणि त्याची निगा राखायला माणूस लागतो. ठाणे आणि नवी मुंबईत ही यंत्रे गृहनिर्माण संस्था, जारचे पाणी भरणारे छोटे उद्योग, उपाहारगृहे, रुग्णालयांतील डायलिसिस कक्ष आणि ट्रान्स-ठाणे क्रीक औद्योगिक पट्ट्यातील कारखाने यांत आढळतात.

संज्ञा : मराठीत या प्रक्रियेचे नाव अद्याप एकच झालेले नाही. जुन्या संदर्भग्रंथांत मूळ क्रियेला ‘तर्षण’ म्हटले आहे. तहानेशी नाते सांगणारा हा शब्द अर्थाने सुंदर आहे. शालेय पाठ्यपुस्तकांनी ‘परासरण’ स्वीकारले, तेव्हापासून तर्षण मागे पडले. उलट क्रियेसाठी ‘व्यस्त’, ‘उलट’ आणि ‘प्रतिलोम’ ही तिन्ही विशेषणे लिहिली जातात. गणितातील व्यस्त प्रमाणामुळे ‘व्यस्त’ हा शब्द वाचकाच्या परिचयाचा आहे, म्हणून येथे तोच घेतला आहे. पटलाला मात्र प्रत्यक्ष काम करणारे सगळे ‘मेम्ब्रेन’च म्हणतात, तसेच फेकल्या जाणाऱ्या खाऱ्या पाण्याला ‘रिजेक्ट’ आणि गोड पाण्याला ‘प्रॉडक्ट’.

इतिहास : परासरणाचे पहिले नोंदलेले निरीक्षण सामान्यतः फ्रेंच धर्मगुरू व पदार्थवैज्ञानिक झां-आंत्वान नोले यांच्या नावे आणि १७४८ या वर्षी दाखवले जाते. मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड त्यांनी प्राण्याच्या मूत्राशयाच्या कातड्याने बांधले व भांडे पाण्यात ठेवले, तेव्हा कातडे फुगून वर आले. एकोणिसाव्या शतकात द्युत्रोशे यांनी या क्रियेचा पद्धतशीर अभ्यास केला, फेफर यांनी १८७७ च्या सुमारास परासरण दाब मोजला आणि व्हान्ट हॉफ यांनी त्याला गणिती रूप दिले. इथपर्यंत फारसा वाद नाही.

क्रिया उलटी फिरवून खाऱ्या पाण्याचे गोडे करण्याचे श्रेय कोणाचे, याबद्दल मात्र तीन मते आहेत. पहिल्या मतानुसार लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९४९ च्या सुमारास हॅसलर यांनी क्षार अडवणाऱ्या पटलाची कल्पना मांडली, म्हणून मान त्यांचा. दुसरे मत फ्लोरिडा विद्यापीठातील रीड व ब्रेटन यांच्या बाजूचे आहे. सेल्युलोज ॲसिटेटचा पापुद्रा मीठ अडवतो हे त्यांनी प्रयोगाने दाखवले आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. पण त्यांच्या पापुद्र्यातून पाणी इतके मंद झिरपे की त्यावर यंत्र उभे राहणे कठीण होते. तिसरे मत सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांना श्रेय देते. १९५९–६० च्या सुमारास, पुन्हा कॅलिफोर्निया विद्यापीठातच, त्यांनी असममित पटल बनवले. त्याची एक बाजू अतिशय पातळ व घट्ट होती आणि तिच्याखाली सच्छिद्र आधार होता. तेच पटल एका बाजूने लावले तर काम करी आणि उलटे लावले तर करीत नसे, असा अनुभव त्यांना आधीच्या प्रयोगांत आला होता. हा गोंधळ बाजूला न सारता त्यांनी त्याचे कारण शोधले, आणि त्यातूनच असममिततेचे महत्त्व उमगले. पाण्याचा प्रवाह पूर्वीच्या पटलांच्या अनेक पट झाला.

कल्पनेचा मान हॅसलर यांना आणि सिद्धतेचा रीड व ब्रेटन यांना देऊनही, यंत्राचा जन्म लोब–सौरिराजन पटलापासून धरणे अधिक ग्राह्य वाटते. कॅलिफोर्नियातील कोअलिंगा या गावी १९६५ मध्ये मचूळ भूजलावर चालणारे संयंत्र बसले, ते याच पटलावर. त्या गावात एके काळी पिण्याचे पाणी रेल्वेच्या टाक्यांतून आणावे लागे. घोडबंदर रस्त्यावर टँकरची वाट पाहणाऱ्या वाचकाला हा तपशील परका वाटणार नाही.

आज वापरात असलेले मेम्ब्रेन मात्र लोब–सौरिराजन जातीचे नसते. १९७० च्या दशकात जॉन कॅडॉट यांनी विकसित केलेल्या पातळ संयुक्त पटलाची ही वंशावळ आहे. त्यात पॉलिएस्टरच्या कापडावर पॉलिसल्फोनचा सच्छिद्र थर आणि त्यावर सुमारे ०·२ मायक्रॉनचा पॉलिअमाइडचा थर असतो. नव्या पटलाने कमी दाबात जास्त पाणी दिले, पण एक दुबळेपणाही आणला. सेल्युलोज ॲसिटेटला थोडा क्लोरीन चालत असे, पॉलिअमाइडला तो सोसत नाही. देखभालीचे निम्मे नियम या एका गोष्टीतून निघतात.

भारतात भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था आणि मुंबईतील तुर्भ्याचे (ट्रॉम्बे) भाभा अणुसंशोधन केंद्र यांनी निःक्षारीकरणावर दीर्घकाळ काम केले आहे. यातील दुसरी संस्था ठाणे खाडीच्या पश्चिम काठावर, वाशीच्या समोरच्या बाजूला आहे.

स्थानिक पाणी : या भागात यंत्राचे आयुष्य कंपनीच्या नावावर कमी आणि टाकीत येणाऱ्या पाण्यावर अधिक ठरते. नवी मुंबई महानगरपालिकेचे पाणी खालापूर तालुक्यात धावरी नदीवर बांधलेल्या मोरबे धरणातून येते व भोकरपाडा येथे शुद्ध होते. ठाणे शहराला महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम (शहाड-टेमघर पाणीपुरवठा प्राधिकरण), एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार वाटांनी पाणी मिळते. उल्हास, भातसा, बारवी, धावरी या साऱ्या सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या नद्या आहेत. बेसाल्टावरून धावणारे पावसाचे हे पाणी मऊ असते आणि त्यातील एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, भारतीय मानक १०५०० ने स्वीकारार्ह धरलेल्या लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खूप खाली असतात. अशा पाण्यावर व्यस्त परासरण बसवणे म्हणजे चांगले पाणी गटारात सोडणे होय. तिथे गाळण, कार्बन आणि अतिनील दिवा पुरतो. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये, टीडीएस ५०० च्या आत असेल तेथे आरओवर बंदी घालावी, असा आदेश दिला होता.

खरी गरज खाडीकाठच्या बोअरला आणि टँकरला लागते. वाशी, ऐरोली, बेलापूरच्या सखल भागांत, भराव घातलेल्या जमिनीखाली आणि जुन्या मिठागरांच्या शेजारी भूजल मचूळ होते. भरती-ओहोटीने आणि उपशाने ते बदलतही राहते. सर्वांत अवघड पाणी मिश्रणाचे. सकाळी नळाचे आले तर मीटर शंभराच्या आत दाखवतो, दुपारी टँकर रिकामा झाला की तोच मीटर नऊशेवर जातो. कोणत्या एका पाण्यावर बेतलेले मशिन अशा टाकीवर चालवायचे, तर निदान टाकी भरल्यावर दर वेळी टीडीएस पाहून रिजेक्टचा वाल्व्ह लावावा लागतो. हे न केल्यामुळे मेलेली मेम्ब्रेन या भागात फार आहेत.

रचना : कच्च्या पाण्याचा पंप, वाळूचा फिल्टर, कार्बन फिल्टर, अँटिस्केलंटचा (पापडी धरू न देणाऱ्या रसायनाचा) डोसिंग पंप, पाच मायक्रॉनची गाळणीची काडतुसे (कार्ट्रिज), उच्चदाबाचा पंप आणि फायबरच्या नळ्यांत (वेसल) बसवलेली मेम्ब्रेन, हा सर्वसाधारण क्रम. ‘चाळीस-चाळीस’ म्हणजे चार इंच व्यासाचे व चाळीस इंच लांबीचे मेम्ब्रेन. ताशी हजार लिटरच्या यंत्रात अशी साधारण चार लागतात.

चालविणे : सुरू करताना रिजेक्टचा वाल्व्ह उघडा ठेवून काही मिनिटे कमी दाबाने धुवावे, मग वाल्व्ह हळूहळू आवळावा. तो पूर्ण बंद कधीच करू नये आणि चालू यंत्राचा प्रॉडक्ट वाल्व्हही बंद करू नये. रिजेक्ट आवळल्याने प्रॉडक्ट वाढतो, हे दिसते. पण त्याच वेळी आतले क्षार दाट होतात, ते दिसत नाही. निम्मे पाणी काढले तर रिजेक्टमध्ये क्षार सुमारे दुप्पट होतात, तीन चतुर्थांश काढले तर चौपट. टीडीएस ९०० चे पाणी असेल तर दुसऱ्या स्थितीत मेम्ब्रेनच्या शेवटच्या भागाला ३,६०० च्या आसपासचे पाणी लागते आणि कॅल्शियमची पापडी तिथूनच धरते.

नोंदवही हे या यंत्राचे खरे उपकरण. प्रवाह, दाब, तिन्ही पाण्यांचा टीडीएस आणि पाण्याचे तापमान रोज एकाच वेळी लिहावे. वही खरी आहे का, हे एका हिशेबाने कळते. ताशी १,००० लिटर आत गेले आणि ५०० प्रॉडक्ट, ५०० रिजेक्ट निघाले. कच्चे पाणी ९००, प्रॉडक्ट ३०, तर रिजेक्ट १,७७० च्या आसपास यायला हवे. आले नाही तर मीटर, रोटामीटर (प्रवाह दाखवणारी नळी) किंवा लिहिणारा यांपैकी कोणीतरी चुकले आहे. तापमान लिहिण्याला कारण आहे. एका अंशाला प्रवाह साधारण तीन टक्क्यांनी बदलतो. मे महिन्यातील पाणी आणि जानेवारीच्या पहाटेचे पाणी यांत आठ अंशांचा फरक पडला तर प्रॉडक्ट सुमारे पंचमांशाने घटतो. ऑपरेटर ते मेम्ब्रेन चोंदल्याचे लक्षण समजून दाब वाढवतो किंवा नाहक ॲसिड फिरवतो.

देखभाल : वाळू व कार्बनच्या फिल्टरचे बॅकवॉश (उलट प्रवाहाने धुणे) मशिन बंद ठेवूनच करतात. फिल्टरवरच्या मल्टिपोर्ट वाल्व्हचा दांडा दाबून फिरवला की सुरुवातीला काचेच्या नळीतून चहाच्या रंगाचे पाणी जाते, मग फिके, मग निवळ. निवळ झाल्यावरही रिन्सची काही मिनिटे वाचवू नयेत, नाहीतर कार्बनची काळी भुकटी थेट काडतुसांवर येते. पावसाळ्यात गढूळपणा वाढला की हे काम रोज करावे लागते. काडतूस हाताला बुळबुळीत लागले तर जीवाणूंचा थर धरतो आहे, तांबूस दिसले तर लोह. मेम्ब्रेनच्या टोकाला जमलेल्या पांढऱ्या खरीवर लिंबाचे दोन थेंब टाकावेत. फेस आला तर ती चुन्याची आणि ॲसिडने निघण्यासारखी. खर धरलेले मेम्ब्रेन उचलताच जड लागते.

कार्बन फिल्टर क्लोरीन काढतो, म्हणून तो मेम्ब्रेनचा पहारेकरी होय. कार्बन संपल्याची खूण गेजवर दिसत नाही. फिल्टरनंतरच्या नळातले पाणी क्लोरीनच्या किटवर तपासूनच ती कळते. पॉलिअमाइडसाठी लिटरला ०·१ मिलिग्रॅमहून अधिक मुक्त क्लोरीन धोक्याचा धरतात. टँकरवाला पाणी पोचवण्यापूर्वी ब्लीचिंग पावडरची मूठ जास्त टाकतो, त्या आठवड्यात किट हाताशी असावे. क्लोरीनने जळालेले मेम्ब्रेन कोणत्याही धुण्याने सुधारत नाही. त्याची ओळख अशी की प्रॉडक्टचा प्रवाह वाढतो आणि त्यासोबत टीडीएसही वाढतो. प्रवाह वाढला म्हणून आनंद मानणाऱ्यांनी दुसरा आकडा पाहावा.

तापमानाचा हिशेब करूनही प्रवाह १० ते १५ टक्के घटला, किंवा वेसलच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक १५ टक्क्यांनी वाढला, की रासायनिक धुलाई करतात. सेंद्रिय व जैविक थर असेल तर आधी अल्कली, नंतर सायट्रिक ॲसिड. उलट क्रमाने केल्यास चिकट थर अधिक घट्ट बसतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. निव्वळ चुन्याची पापडी असेल तरच ॲसिडने सुरुवात करावी. अनेक वेसलांपैकी एकाच वेसलच्या प्रॉडक्टचा टीडीएस चढला असेल तर मेम्ब्रेन बदलण्याआधी जोडनळीची ओ-रिंग पाहावी. ती बसवताना ग्लिसरीन लावतात, ग्रीस किंवा व्हॅसलिन नाही. प्रॉडक्टची टाकी गच्चीवर असेल तर नॉन-रिटर्न वाल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारा) हवाच, कारण यंत्र थांबल्यावर उलट्या दाबाने पटलाचे थर सुटतात.

मे महिन्याच्या सुट्टीत किंवा कारखान्याच्या शटडाउनमध्ये मशिन दिवसेंदिवस बंद राहणार असेल तर आत १ टक्का सोडियम मेटाबायसल्फाइटचे द्रावण भरून ठेवतात. कोरडे पडलेले मेम्ब्रेन पुन्हा पूर्ववत होत नाही, आणि नुसते पाणी भरून ठेवले तर त्याला कुजका वास येतो.

डायलिसिस कक्ष : चार तासांच्या एका उपचारात सुमारे १२० लिटर पाणी रुग्णाच्या रक्तापासून एका पातळ पटलाच्या अंतरावरून वाहते, म्हणून येथे टीडीएस कमी आहे एवढे पुरेसे ठरत नाही. क्लोरामाइन (क्लोरीन व अमोनियाचे संयुग) रक्तपेशी फोडते आणि ते मेम्ब्रेनने नीट अडत नाही. त्यासाठी एकामागे एक दोन कार्बन फिल्टर ठेवतात आणि त्यांच्या मधल्या नळातले पाणी दर पाळीला, रुग्ण यंत्रावर घेण्यापूर्वी तपासतात. एकूण क्लोरीन (मुक्त क्लोरीन व क्लोरामाइन मिळून) लिटरला ०·१ मिलिग्रॅमच्या वर असेल तर पाळी थांबवायची असते. ही चाचणी काही मिनिटांची आहे आणि ती कोणत्याही घाईत वगळता कामा नये.

जारचे पाणी : सीलबंद पाण्याला भारतीय मानक १४५४३ लागू होते. सुट्या थंड जारच्या धंद्यात खरा दोष बहुधा मेम्ब्रेननंतरच्या टाकीत, नळीत आणि परत आलेल्या न धुतलेल्या जारमध्ये असतो. चव यावी म्हणून कच्चे पाणी प्रॉडक्टमध्ये मिसळण्याचा वाल्व्ह अनेक यंत्रांवर असतो. कच्चे पाणी बोअरचे किंवा टँकरचे असेल तर तो वाल्व्ह बंदच ठेवावा, कारण त्यातून क्षारांबरोबर जंतूही प्रॉडक्टमध्ये येतात.

रिजेक्ट : हे पाणी फ्लशच्या टाकीत, फरशी व गाड्या धुण्यासाठी वापरता येते. झाडांना घातल्यास मातीत मीठ साठते आणि पानांची टोके करपतात. काही सोसायट्यांत ते ‘वाया जाऊ नये’ म्हणून पुन्हा तळटाकीत सोडलेले आढळते. हेतू चांगला असला तरी टाकीचा टीडीएस प्रत्येक फेरीला चढत जातो आणि काही दिवसांत मशिन स्वतःच सोडलेले खारे पाणी गाळत बसते. अशा ठिकाणी प्रथम तो पाइप फ्लशच्या टाकीकडे वळवावा, तळटाकी रिकामी करून धुवावी आणि मगच मेम्ब्रेनची तपासणी हाती घ्यावी.