एक्स मोड की डी मोड? लिनक्सवर स्वस्तातलं गेमपॅड घ्यायच्या आधी

दुकानात जाऊन "लिनक्सवर चालते का?" असं विचारू नका. मी नागपूरच्या बर्डीत विचारलं होतं, दुकानदार म्हणे, "चालते नं भाऊ, सगळ्यावर चालते", आणि पॅड घरी आणून लावलं तर खरंच चाललं, फक्त भाच्याची गेममधली गाडी कोणी हात न लावता स्क्रीनवर आपोआप निघाली. "मामा, मी काहीच दाबून नाई रायलो, थे स्वतःच पयून रायली!" पोट्टं खरं बोलत होतं. मे महिना, बाहेर ४५ डिग्री, पोट्ट्याला खेळायला बाहेर पाठवायची सोय नाही, म्हणून ती अख्खी दुपार कूलरसमोर बसून हा एक्सइनपुट-डीइनपुटचा घोळ एकदाचा समजून घेतला.

हजार-दीड हजाराच्या पॅडच्या डब्यावर हे दोन शब्द बऱ्याचदा असतात आणि वाचणाऱ्याला वाटते की एक नवीन एक जुनं, किंवा एक कॉम्प्युटरचं एक मोबाइलचं. मुळात ही दोन्ही नावं विंडोजची आहेत, गेमनं पॅडशी बोलायच्या दोन पद्धती, डायरेक्टइनपुट (तेच डीइनपुट) नव्वदच्या दशकातली आणि एक्सइनपुट मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० गेम कन्सोलच्या वेळची, म्हणजे २००५ ची. लिनक्समधे दोन्ही नाहीत! तिथे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, फक्त एवढंच बघतो की यूएसबीत लावलेलं पॅड स्वतःची ओळख काय सांगून रायलं.

एक्स मोडमधे, म्हणजे एक्सइनपुटवाल्या, पॅड सांगते, मी एक्सबॉक्स ३६० चा कंट्रोलर. मग कर्नलमधला एक्सपॅड नावाचा ड्रायव्हर त्याला ताब्यात घेतो, आणि तो बहुतेक सगळ्या डिस्ट्रोमधे, म्हणजे लिनक्सच्या उबुंटूसारख्या प्रकारांमधे, आधीच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. डी मोडमधे तेच पॅड सांगते, मी साधी यूएसबी जॉयस्टिक, म्हणजे माउस-कीबोर्डच्या जातीतली, एचआयडी म्हणतात ती. तीही लगेच चालते. म्हणून दुकानदार खोटा नव्हता. भानगड चालण्याची नाहीच, कोणत्या दांडीला काय नाव मिळते त्याची आहे.

आता भाच्याची गाडी. एक्सपॅड ड्रायव्हर उजव्या स्टिकला, म्हणजे अंगठ्यानं फिरवायच्या दांडीला, आरएक्स आणि आरवाय अशी नावं देतो आणि बोटानं दाबायच्या दोन ट्रिगरला झेड आणि आरझेड. डी मोडमधल्या, म्हणजे साध्या जॉयस्टिकवाल्या, स्वस्त पॅडमधे उजवी स्टिकच झेड आणि आरझेड असते. गेम जुना होता, त्यानं धरून चाललं की समोर एक्सबॉक्सचाच कंट्रोलर आहे, आणि आरझेड म्हणजे उजवा ट्रिगर म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर. स्टिक मधोमध शांत उभी असली की तिची किंमत ० ते २५५ मधे १२८ च्या आसपास असते, म्हणजे गेमच्या हिशोबानं ट्रिगर अर्धा दाबलेला. झालं, गाडी चालू. आणि उजवी स्टिक खाली ओढली की फुल स्पीड. पॅड बिघडलं नव्हतं, वापस करून दुसरं आणलं असतं तरी हेच झालं असतं.

कोणत्या मोडमधे आहे ते ओळखायला टर्मिनलमधे एलएसयूएसबी (lsusb) मारा, यूएसबीत लावलेल्या वस्तूंची यादी येते. ०४५ई:०२८ई दिसलं तर एक्स मोड. हा नंबर खरा तर मायक्रोसॉफ्टच्या ३६० कंट्रोलरचा, पण कितीतरी स्वस्त पॅड तोच सांगतात, दुसऱ्याचं आधार कार्ड दाखवून आत शिरल्यासारखं, आणि आपल्या फायद्याचंच आहे ते. लॉजिटेकच्या एफ३१० ला मागे एक्स आणि डी असा स्विचच आहे, एक्सवर ०४६डी:सी२१डी आणि डीवर ०४६डी:सी२१६, पॅड एकच. बाकीच्यांमधे बहुतेक होम बटण काही सेकंद दाबून धरलं की लाइट बदलतात, पॅड एकदा तुटून परत जोडल्या जाते आणि मोड बदलते. नेमकं बटण मॉडेलप्रमाणे वेगळं, ते डब्यातल्या चिठ्ठीत असते, ती फेकू नका.

मग जेएसटेस्ट-जीटीके हा पॅड तपासायचा प्रोग्राम उघडून ट्रिगर हळूहळू दाबा. पट्टी हळूहळू भरली तर ट्रिगर अ‍ॅनालॉग आहे, म्हणजे किती दाबलं तेही सांगतो. एकदम टोकाला गेली किंवा पट्टी हललीच नाही आणि नुसतं बटण पेटलं, तर रेसिंगमधे गाडी एकतर उभी नाहीतर सुसाट, मधलं काही नाही. डी मोडवाल्या स्वस्त पॅडमधे हे फार दिसते. व्हायब्रेशनचंही तसंच, एक्स मोडमधे एक्सपॅड ते सांभाळतो, डीमधे त्या चिपसाठी कर्नलमधे खास ड्रायव्हर असेल तरच, जसा ड्रॅगनराइज चिपसाठी आहे. आणि मधोमध अ‍ॅनालॉग लिहिलेलं बटण अन् लाल लाइट असलेलं पॅड असेल तर आधी तो लाइट लावा बावा, बंद असताना डावी स्टिक नुसती बाणांची बटणं होते आणि माणूस उगाच ड्रायव्हर शोधत बसते.

मग डी मोड फालतूच का? नाही. एक्सपॅडजवळ कंपन्यांच्या नंबरची यादी असते, पॅडचा नंबर त्यात नसेल तर एक्स मोडमधे ते दिसते पण एकही बटण चालत नाही. जुन्या कर्नलवर नवीन पॅड लावलं की हे होते. नवीन कर्नल टाका, किंवा ड्रायव्हरच्या न्यू-आयडी फाइलमधे तो नंबर हातानं लिहा, आणि तोवर डी मोडवर खेळा. एम्युलेटरमधे, म्हणजे जुन्या कन्सोलचे गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्राममधे, तर बटणं आपणच बसवतो, तिथे डीनं काही अडत नाही. गेम विकत घेऊन चालवायचं स्टीम पण बटणांची जुळवणी स्वतः करू देते.

ब्लूटूथवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. यूएसबीवरचा एक्स मोड ब्लूटूथवर येतच नाही, तिथे पॅड एचआयडी म्हणूनच जोडल्या जाते. डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) असलेलं घेतलं तर कॉम्प्युटरला डोंगलच दिसते आणि ते तारेच्या पॅडसारखंच एक्स मोडमधे बोलू शकते. माझ्या बजेटमधे मी तरी तारेचंच घेईन, मोड बदलायची सोय असलेलं, ब्लूटूथचे जास्तीचे पैसे न देता.

भाच्याचं पॅड तेच आहे. होम बटण दाबून धरलं, लाइट बदलले, गाडी थांबली. आता म्हणे, "मामा, आधी आपोआप चालत होती थेच बरं होतं, माह्या नंबर तरी येत होता."