अभिजात चित्रपट आणि ‘उगाच डोक्यावर घेतला’ हा आक्षेप : एक पार्श्वभूमी

समीक्षकांची परीक्षणे गोळा करून त्यांची टक्केवारी काढणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर ऑर्सन वेल्स यांच्या ‘सिटिझन केन’ या चित्रपटाच्या नावापुढे बराच काळ 100 टक्के असा आकडा झळकत होता. 2021 मध्ये तो 99 झाला. कुणा नव्या समीक्षकाने नाक मुरडले म्हणून हे घडले नव्हते. ‘शिकागो ट्रिब्यून’मधले ऐंशी वर्षांपूर्वीचे एक प्रतिकूल परीक्षण कुणाच्या तरी हाती लागले आणि ते नोंदीत आले, एवढेच त्यामागचे कारण होते. मे 1941 मध्ये छापून आलेले हे परीक्षण ‘मे टिनी’ या टोपणनावाने लिहिलेले होते (‘मॅटिनी’ या शब्दावरची ही कोटी त्या वर्तमानपत्राने वर्षानुवर्षे जपली). ‘आजवरचा सर्वांत महान चित्रपट’ म्हणून ‘सिटिझन केन’ आपल्यावर छाप पाडू शकला नाही, असे त्याच्या मथळ्यातच म्हटले होते. चित्रपट नुकताच पडद्यावर आला होता, त्याला अभिजात म्हणावे असा काळ उलटलेला नव्हता आणि ज्या याद्यांमुळे तो पुढे जगाच्या माथ्यावर जाऊन बसला त्या याद्याही अजून जन्मायच्या होत्या. तरीही तक्रारीचा रोख चित्रपटापेक्षा त्याच्या गाजावाजावरच होता.

‘हा चित्रपट वाईट आहे’ आणि ‘हा चित्रपट उगाच डोक्यावर घेतला आहे’ ही दोन विधाने बोलण्याच्या ओघात एकमेकांच्या जागी वापरली जात असली, तरी त्यांचा विषय एक नाही. पहिले विधान चित्रपट पाहून करता येते. दुसऱ्यासाठी मात्र कुणीतरी आधीच त्याचे मोल ठरवून ठेवलेले असावे लागते, ते मोल सर्वांना ठाऊक असावे लागते आणि बोलणाऱ्याला ते अवाजवी वाटावे लागते. मराठीत आपण सरळ ‘ओव्हररेटेड’ म्हणतो, त्या शब्दातच दर ठरवणारा कुणीतरी गृहीत धरलेला आहे. म्हणून या वादाचा इतिहास शोधायचा, तर चित्रपटांच्या आधी दर ठरवणाऱ्यांचा इतिहास पाहावा लागतो.

त्याची सुरुवात 1952 पासून धरणे सोयीचे आहे. त्या वर्षी बेल्जियममध्ये चित्रपट दिग्दर्शकांकडून सर्वोत्तम दहा चित्रपटांची नावे मागवण्यात आली आणि ‘बॅटलशिप पोटेम्किन’ पहिला ठरला. त्यावरून स्फूर्ती घेऊन ब्रिटनमधील ‘साइट अँड साउंड’ या नियतकालिकाने समीक्षकांचा कौल घेतला. त्यात पहिला आला व्हित्तोरियो दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’, जो प्रदर्शित होऊन अवघी चार वर्षे झाली होती. चार वर्षांच्या चित्रपटाला आज कुणी ‘सर्वकालीन सर्वोत्तम’ म्हटले, तर घाई केल्याचा आरोप लगेच होईल. 1962 मध्ये हा चित्रपट पहिल्या स्थानावरून घसरला आणि 1972 मध्ये पहिल्या दहांतूनही बाहेर पडला. दहा-दहा वर्षांनी होणारा हा कौल तेव्हापासून आजतागायत चालू आहे, आणि जागतिक चित्रपटांच्या मोठेपणाबद्दलची बहुतेक भांडणे कळत-नकळत त्याच्याशीच जोडलेली असतात.

या कौलाची पद्धत मात्र वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी नीट पाहिलेली असते. प्रत्येक मतदार दहा चित्रपटांची नावे देतो, त्या नावांत वर-खाली असा क्रम धरला जात नाही, प्रत्येक नावाला एक मत मिळते आणि शेवटी बेरीज होते. म्हणजे एखाद्या चित्रपटाला पहिला क्रमांक मिळण्यासाठी तो कुणाचाही सर्वांत आवडता असण्याची गरज नाही. पुष्कळांच्या दहांत तो असला म्हणजे झाले. 1952 मध्ये 63 समीक्षकांपैकी 25 जणांनी ‘बायसिकल थीव्ह्ज’चे नाव दिले होते. 1962 मध्ये ‘सिटिझन केन’ पहिला आला तो 70 पैकी 22 मतांवर, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या चित्रपटापेक्षा त्याला अवघी दोन मते जास्त होती. 2012 मध्ये 846 मतदारांपैकी 191 जणांनी ‘व्हर्टिगो’ला आपल्या दहांत जागा दिली आणि ‘केन’ची पन्नास वर्षांची सद्दी संपली. उलट बाजूने मोजले, तर जगातल्या ‘सर्वोत्तम’ चित्रपटाला तीन चतुर्थांशांहून अधिक जाणकारांनी आपल्या पहिल्या दहांतही धरले नव्हते. ‘सगळेच याचा उदोउदो करतात’ या नेहमीच्या तक्रारीतले ‘सगळे’ हे असे अल्पसंख्य असतात, ही गोष्ट मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत लक्षणीय वाटते.

‘सिटिझन केन’चा मामला थोडा सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण या चित्रपटाबद्दलचे मतभेद त्याच्या कीर्तीनंतर सुरू झालेले नाहीत, ते कीर्तीच्या बरोबरीनेच वाढले. 1941 मध्येच लेखक बोर्हेस यांनी ‘सुर’ या अर्जेंटिनातील नियतकालिकात त्याचे परीक्षण लिहिले. त्यात त्यांनी चित्रपटाच्या प्रतिभेची कबुली दिली, पण मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक ग्रिफिथ किंवा पुदोव्हकिन यांचे काही चित्रपट जसे टिकून आहेत तसा हा टिकेल, म्हणजे त्याचे ऐतिहासिक महत्त्व कुणी नाकारणार नाही आणि तो पुन्हा पाहण्याची तयारीही कुणी दाखवणार नाही, असे भाकीतही केले. ‘महत्त्वाचा आहे, पण पाहवत नाही’ ही आजच्या प्रेक्षकाची तक्रार इतक्या नेमकेपणाने इतक्या आधी मांडली गेली होती. 1945 मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र यांनी हा चित्रपट फ्रेंच सिनेमाने गिरवावा असा कित्ता नव्हे, असे बजावले. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी त्याला उत्तर दिले ते सार्त्र यांच्याच ‘ले ताँ मोदेर्न’ या नियतकालिकातून. एकाच दृश्यात जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट दिसावे अशा छायाचित्रणामुळे प्रेक्षकाची नजर मोकळी होते, असा त्यांचा मुद्दा होता आणि पुढच्या पिढीने तो जवळपास पाठ केला.

कीर्तीचे दुसरे कारण इतके तात्त्विक नाही. चित्रपटाचा नायक ज्यांच्यावर बेतल्याचे मानले गेले, त्या विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या वृत्तपत्रसमूहाने बहिष्कार घातल्यामुळे चित्रपटाच्या पहिल्या प्रदर्शनाला मोठा फटका बसला होता, आणि नऊ ऑस्कर नामांकनांपैकी पटकथेचे एकच पारितोषिक त्याच्या पदरी पडले होते. 1950 च्या दशकाच्या मध्यावर ‘केन’ची निर्मिती करणाऱ्या आरकेओ कंपनीने आपले जुने चित्रपट दूरचित्रवाणीसाठी विकले आणि ‘केन’ पुन्हा लोकांच्या नजरेस आला. 1952 च्या पहिल्या दहांत नसलेला चित्रपट 1962 मध्ये थेट पहिला येतो, यात बाझँ यांच्या लेखणीइतकाच या विक्रीचाही हात असावा, असे मानायला जागा आहे.

पुढे 1971 मध्ये समीक्षक पॉलिन केल यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये दीर्घ निबंध लिहून ऑर्सन वेल्स यांच्या एकट्याच्या प्रतिभेची दंतकथा खोडून काढण्याचा प्रयत्न केला आणि पटकथालेखक हर्मन मँकिविच यांच्याकडे श्रेयाचा मोठा वाटा वळवला. त्यांचे अनेक तपशील दिग्दर्शक पीटर बोग्दानोविच यांनी लगेच पुढच्या वर्षी खोडून काढले. या निबंधातला एक शब्दप्रयोग मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. केल यांनी ‘केन’ला उथळ म्हटले आणि त्याच दमात श्रेष्ठ कृतीही म्हटले. हा विरोधाभास समजून घेण्याऐवजी दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीचा अर्धा भाग उचलला. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांनीही आयुष्याच्या उत्तरार्धात एका मुलाखतीत ‘केन’ आपल्याला कंटाळवाणा वाटतो आणि त्याला मिळणारा मान अनाकलनीय आहे, असे सांगून टाकले. ज्यांचे स्वतःचे चित्रपट कंटाळवाणे म्हणून अनेकांनी अर्ध्यावर सोडले, त्यांनी हे म्हणावे यात गंमत आहेच.

एकेका चित्रपटापुरता असलेला हा आक्षेप पद्धतशीर समीक्षेचे हत्यार बनला तो फ्रान्समध्ये. जानेवारी 1954 मध्ये तरुण समीक्षक फ्रान्स्वा त्रूफो यांनी ‘काय्ये द्यू सिनेमा’ या नियतकालिकात लिहिलेला लेख ही मुळात ‘तुम्ही ज्यांना दर्जेदार म्हणता ते दर्जेदार नाहीत’ अशी जाहीर तक्रार होती. ज्याँ ओराँश आणि प्येर बोस्त या पटकथाकारांच्या साहित्याश्रयी, नेटक्या आणि पारितोषिकप्राप्त सिनेमाला देव्हाऱ्यातून खाली उतरवल्याखेरीज रन्वार, ब्रेसाँ, ताती या दिग्दर्शकांना त्यांची जागा मिळणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे अवमूल्यन हे नव्या मूल्यांकनाचे पहिले पाऊल म्हणून आले. हाच वारसा अमेरिकेत समीक्षक अँड्र्यू सॅरिस यांनी चालवला. 1968 च्या त्यांच्या ग्रंथात दिग्दर्शकांची वर्गवारी आहे आणि त्यात एक वर्ग ‘दिसते तेवढे नाही’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली आहे. जॉन ह्यूस्टन, डेव्हिड लीन, विल्यम वायलर, एलिया कझान, बिली वाइल्डर हे सारे त्यात आहेत. समीक्षेच्या इतिहासात अतिगौरवितांची इतकी उघड यादी दुसरी क्वचितच सापडेल. सॅरिस यांचा प्रामाणिकपणा असा की 1991 मध्ये त्यांनी वाइल्डर यांच्याबद्दलचे मत जाहीरपणे मागे घेतले आणि त्यांना सर्वोच्च वर्गात बसवले.

लोकमताचा लंबक किती झपाट्याने फिरू शकतो, याचे उदाहरण म्हणून इटालियन दिग्दर्शक आंतोनिओनी यांचा ‘लाव्हेंतुरा’ पुरेसा आहे. 1960 मध्ये कान महोत्सवात प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, त्याच महोत्सवात त्याला परीक्षकांचे पारितोषिक मिळाले आणि दोनच वर्षांनी तो ‘साइट अँड साउंड’च्या यादीत दुसरा आला. 2022 च्या यादीत तो पहिल्या पन्नासांतही नाही.

दुसऱ्या टोकाला हिचकॉक यांचा ‘व्हर्टिगो’ आहे. 1958 मध्ये त्याचे स्वागत संमिश्र झाले. पुढे हक्क दिग्दर्शकाकडेच असल्यामुळे 1970 च्या दशकात तो जवळजवळ कुठेच पाहायला मिळेनासा झाला आणि 1980 मध्ये हिचकॉक यांचे निधन झाल्यावर काही वर्षांनी पुन्हा प्रदर्शित झाला. 1982 मध्ये, म्हणजे तो दुर्मीळ असतानाच, पहिल्या दहांत शिरला. न दिसण्यानेही चित्रपटाचा भाव वाढतो, असे यावरून कुणी म्हटले, तर ते अगदीच चुकीचे ठरणार नाही. रन्वार यांच्या ‘द रूल्स ऑफ द गेम’चीही कथा थोडीफार अशीच आहे. 1939 मध्ये तो प्रेक्षकांनी नाकारला, सरकारने त्यावर बंदी घातली, आणि 1959 मध्ये त्याची जुळवून तयार केलेली पूर्ण प्रत पुढे आल्यावर त्याचे स्थान पक्के झाले.

पहिल्या पावलालाच चुकलेल्या समीक्षकांच्या आठवणीही या इतिहासात आपले काम करतात. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बॉस्ली क्राउथर यांना 1958 मध्ये ‘पथेर पांचाली’ विस्कळीत आणि मंद वाटला; 1967 मध्ये त्यांनी ‘बॉनी अँड क्लाइड’वर पुन्हा पुन्हा टीका केली आणि त्यानंतर लवकरच त्यांचे ते पद गेले. ‘न्यूजवीक’च्या जो मॉर्गेनस्टर्न यांनी त्याच चित्रपटावरचे आपले प्रतिकूल मत पुढच्याच अंकात मागे घेतले. अशा प्रसंगांनंतर नावाजलेल्या कृतीला नकार देण्याचे धाडस कमी होते, आणि जे उघड बोलता येत नाही ते साठून राहते.

ते साठलेले बाहेर पडायला वाट मिळाली ती सामान्य प्रेक्षकाच्या हाती गुण देण्याचे साधन आल्यावर. 2008 च्या जुलैत ‘द डार्क नाइट’ प्रदर्शित होताच काही दिवसांत ‘आयएमडीबी’ या संकेतस्थळाच्या प्रेक्षकयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला, आणि ‘द गॉडफादर’चे चाहते व नव्या चित्रपटाचे चाहते एकमेकांच्या चित्रपटाला मुद्दाम एक-एक गुण देत असल्याचे आरोप झाले. येथे आवडनिवड बाजूलाच राहिली होती. आकडा खाली ओढणे हाच हेतू झाला होता. अखेर वर राहिला तो तिसराच, ‘द शॉशँक रिडेम्प्शन’, जो 1994 मध्ये तिकीट खिडकीवर पडला होता आणि केबल वाहिन्यांवर पुन्हा पुन्हा दाखवला गेल्याने घरोघरी पोहोचला होता. आज तोच अनेकांच्या ‘उगाच डोक्यावर घेतलेल्या’ चित्रपटांत अग्रभागी असतो.

2022 मध्ये ‘साइट अँड साउंड’ने मतदारांची संख्या 1,600 च्या वर नेली आणि बेल्जियन दिग्दर्शिका शांताल अकरमन यांचा 1975 चा ‘जान दीलमान’ पहिला आला. तीन तास वीस मिनिटांच्या या चित्रपटात एका विधवेची घरकामे जवळजवळ त्यांना लागतो तेवढाच वेळ देऊन दाखवली आहेत. आधीच्या कौलात तो 36 वा होता. पटकथाकार व दिग्दर्शक पॉल श्रेडर यांनी या निकालावर उघड टीका केली. अकरमन यांचा चित्रपट आपल्याला अतिशय प्रिय आणि महत्त्वाचा वाटतो, हे त्यांनी त्याच टिपणात नोंदवले; आक्षेप होता तो एवढ्या अचानक आलेल्या पहिल्या क्रमांकाला, कारण त्याने कौलाची विश्वासार्हताही जाते आणि चित्रपटाचेही भले होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. 1962 मध्ये ‘केन’नेही पहिल्या दहांच्या बाहेरून थेट पहिल्या क्रमांकावर उडी मारली होती, हे त्या वादात फारसे कुणाच्या लक्षात आले नाही. याच श्रेडर यांनी 2006 मध्ये सिनेमाच्या अभिजाततेवर दीर्घ लेख लिहून आपली स्वतःची यादी दिली होती आणि तिच्या शिरोभागी ‘द रूल्स ऑफ द गेम’ ठेवला होता. 1952 पासूनच्या प्रत्येक कौलात पहिल्या दहांत टिकून राहिलेला तो एकमेव चित्रपट होता. 2022 मध्ये तो तेरावा आला.