उंचीची पट्टी आणि कानातला द्रव

मनोरंजन उद्यानातला छोट्यांचा विभाग मोठ्यांना किरकोळ वाटतो. रंगीत घोडे, गरगरणाऱ्या कपबश्या, वरखाली होणारी विमानं आणि सुरू होता होता संपणारा रोलर कोस्टर. मोठ्या राइडची ही लहान आवृत्ती, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात या राइड मुलाची मान, मूठ आणि कान यांच्या मापाने बेतलेल्या असतात.

नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठवा भाग. चार-पाच वर्षांच्या मुलाचं डोकंही अंगाच्या मानाने जडच, आणि ते सावरणारे मानेचे स्नायू कोवळे. त्यामुळे वेगाइतकंच अचानक बसणाऱ्या हिसक्याला जपावं लागतं. मुलांच्या अनेक कोस्टरमध्ये गाडी उंचावर नेऊन सोडून देत नाहीत. गाडीतलीच मोटर तिला फेरीभर ओढते, म्हणजे उतारावरही वेग मोटरच्या ताब्यात राहतो.

आता घोडे. घोडा केंद्रापासून 3 मीटरवर असेल आणि एक फेरी 12 सेकंदांत होत असेल, तर 20 किलोच्या मुलाला बाहेरच्या बाजूला जाणवणारी ओढ दीड-पावणेदोन किलो वजनाइतकी असते. चिमुकल्या मुठीला दांडा धरून तेवढी सहज पेलते. तीच फेरी 6 सेकंदांत केली, तर ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. वेगाचा वर्ग इथे कामाला लागतो. घोड्यांचा वेग वाढवायला चालक का तयार होत नाही, ते यावरून कळावं. जोडीने बसायच्या गोल फिरणाऱ्या राइडमध्ये मोठ्याने बाहेरच्या बाजूला बसायचं, हा नियमही याच ओढीमुळे. उलट बसलात, तर तुमचा सगळा भार मुलावर येतो.

कपबशीतली गंमत मला सगळ्यांत आवडते. मधलं चाक आपण फिरवतो असं वाटतं, पण बहुतेक ठिकाणी ते खाली घट्ट बसवलेलं असतं. मुलं चाक ओढतात आणि फिरतो तो कप! न्यूटनचा तिसरा नियम हातांना कळतो, शाळेत पोहोचण्याच्या कितीतरी आधी.

मग गरगरतं का? आंतरकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोकं फिरू लागलं की द्रव थोडा मागे रेंगाळतो आणि नलिकेतला मऊ पडदा वाकवतो. त्यावरून मेंदूला फिरणं कळतं. सारख्याच वेगाने फिरत राहिलं, तर द्रवही सोबत फिरू लागतो आणि जाणीव विरते. कप थांबला की डोकं थांबतं, द्रव मात्र पुढे सरकत राहतो. कान सांगतो ‘फिरतोय’, पाय सांगतात ‘उभा आहे’, आणि मूल धडपडतं.

प्रवासात मळमळण्याचा त्रास दोन वर्षांखालच्या मुलांत क्वचितच दिसतो, शाळकरी वयात तो सर्वाधिक असतो. विमानाच्या राइडमध्ये मुलाच्या हातात दिलेला वरखाली करायचा दांडा इथे उपयोगी पडतो. पुढची हालचाल आपल्याच हाताने होणार असेल, तर मेंदूला तिचा अंदाज आधी येतो. गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, त्याचंही कारण हेच.

राहिली प्रवेशद्वाराजवळची उंचीची पट्टी. तिथे मुलाला टाचा उंचावायला सांगणारे आईबाबा पाहिले की मला फार वाईट वाटतं. मांडीवरचा अडसर वय बघत नाही. तो ठरावीक मापाच्या शरीरालाच धरून ठेवू शकतो. दोन बोटं कमी भरलेलं मूल त्याखालून सरकू शकतं, मग ते कितीही धीट असो.

कपबशीतून उतरलेल्या मुलाला लगेच पुढच्या रांगेकडे ओढू नका. क्षणभर बसवा आणि समोरच्या एखाद्या स्थिर खांबाकडे बघायला सांगा. नजर एका जागी टिकली की डोळ्यांची नकळत होणारी थरथर आवरते, आणि तेवढ्यात कानातला द्रवही थांबलेला असतो.