जुना अ‍ॅनालॉग सिंथ स्वस्त पडतो? एका सल्ल्यामागचा इतिहास

सोलापुरात घरी बसून संगीत करणारी मुलं आता भरपूर आहेत. लॅपटॉप, साउंड कार्ड, छोटा की-बोर्ड आणि हेडफोन एवढ्यावर अशोक चौकातल्या एखाद्या खोलीतही गाणं तयार होतं. थोडा हात बसला की खऱ्या अ‍ॅनालॉग सिंथेसायझरची, म्हणजे विजेच्या लहरींतून आवाज घडवणाऱ्या वाद्याची, ओढ लागते. नव्या यंत्राची किंमत बघून पोरगं मागे सरकतं, आणि कुणीतरी जाणता सांगतो, ‘नवा कशाला घेतोस, जुना सेकंडहँड बघ, निम्म्यात पडेल.’

हा सल्ला पोकळ नाही. एके काळी तो अगदी खरा होता. पण तो खरा होता तो शिकागो, लंडन, टोकियो अशा शहरांत, आणि तोही जेमतेम दहा-पंधरा वर्षं. सोलापूरला, किंबहुना भारतातल्या बहुतेक गावांना, तो काळ लाभलाच नाही. पैसे मोजण्याआधी ही भानगड समजून घेतलेली बरी.

अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि डॉन बुखला यांनी १९६३-६४च्या सुमारास एकमेकांपासून दूर, आपापल्या पद्धतीने सिंथेसायझर उभे केले. मूग यांच्या यंत्राचं तत्त्व सोपं होतं. पट्टी दाबली की आत ठरावीक व्होल्टेज तयार होतं. ते एका व्होल्टने वाढलं की सूर बरोबर एक सप्तक वर जातो. आत कुठलाही रेकॉर्ड केलेला आवाज नसतो. ऑसिलेटर विजेची लहर जन्माला घालतो, फिल्टर तिच्यातले काही अंश काढून टाकतो, आणि पुढचं सर्किट आवाज किती झपकन उठावा, किती रेंगाळावा हे ठरवतं. आवाज विजेतूनच घडतो, म्हणून तो प्रत्येक यंत्रात थोडा वेगळा असतो. लोकांचा जीव जडतो तो यावरच.

सुरुवातीची यंत्रं कपाटाएवढी होती. १९७० साली आलेला मिनीमूग हा काखेत मारून कार्यक्रमाला नेता येईल असा पहिला नावाजलेला सिंथ. किंमत सुमारे दीड हजार डॉलर. डॉलरचा तेव्हाचा सरकारी दर साडेसात रुपये, म्हणजे नुसत्या यंत्राचेच अकरा हजारांवर रुपये, आयातशुल्क वेगळं. एवढं मोजून त्यातून एका वेळी एकच सूर निघायचा. पुढे १९७८ साली सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीचा प्रॉफेट-५ आला. त्यात पाच सूर एकत्र वाजत आणि केलेली जुळणी साठवूनही ठेवता येई. त्याच वर्षी कोर्ग कंपनीचा एमएस-२० आला. तो एकसुरी होता, पण तुलनेने आवाक्यातला.

भारताचा या कथेतला भाग छोटा आहे, पण अभिमानाचा आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूगची यंत्रणा बसली. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी ती उभी केली, आणि गीता साराभाई यांच्यासह काही भारतीयांनी तिच्यावर काम केलं. त्या टेप अनेक दशकं संस्थेत पडून होत्या. अलीकडे त्या सापडल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. मुंबईत सत्तरच्या दशकात केर्सी लॉर्ड यांनी मिनीमूग हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात आणला. चित्रपटांच्याच वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा रागांची एक डिस्को तबकडी काढली. त्यासाठी त्यांनी वापरलेली यंत्रं होती जपानच्या रोलंड कंपनीची ज्युपिटर-८ (सिंथ), टीबी-३०३ (बास वाजवणारी पेटी) आणि टीआर-८०८ (ताल वाजवणारी पेटी). तबकडी तेव्हा फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि जगभर तिच्यावर चर्चा झाली, कारण पुढे ‘अ‍ॅसिड हाउस’ म्हणून गाजलेल्या नृत्यसंगीताच्या आवाजाशी तिचं विलक्षण साम्य होतं. चरणजित सिंग २०१५ साली गेले. आयुष्याच्या शेवटी का होईना, त्यांना दाद मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे.

आता सल्ल्याचं मूळ. १९८३ साली यामाहाने डीएक्स-७ आणला. तो डिजिटल होता, म्हणजे आवाज आकडेमोडीतून घडवायचा. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या एफएम पद्धतीवर चालायचा, एका वेळी सोळा सूर वाजवायचा, सुरातून हलायचा नाही, आणि किंमत दोन हजार डॉलरच्या आत. दीड लाखाच्या वर नग खपले. त्याच वर्षी मिडी आलं, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एका केबलने जोडण्याची सोय. आधीच्या अ‍ॅनालॉग यंत्रांना मिडीचं सॉकेटच नव्हतं. त्यामुळे व्यावसायिक वादकांनी जुने सिंथ पटापट विकून टाकले. दोन-तीन वर्षांपूर्वी हजार डॉलरला घेतलेलं यंत्र गहाणवटीच्या दुकानात धूळ खाऊ लागलं.

टीबी-३०३चंच बघा. एकट्या गिटारवाल्याला साथ म्हणून बास वाजवणारी पेटी, असा रोलंडचा हेतू. आवाज बास गिटारसारखा मुळीच नव्हता. १९८१ ते १९८४ एवढंच तिचं आयुष्य, सुमारे दहा हजार नग. टीआर-८०८चीही तीच गत. तिच्या झांजेची ती सळसळ सदोष ट्रान्झिस्टरमुळे यायची. रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी ते मुद्दाम निवडून घेतले होते. कारखान्यांची गुणवत्ता सुधारली, तसे सदोष ट्रान्झिस्टर मिळेनासे झाले आणि १९८३ साली यंत्र बंद झालं.

नेमकी हीच टाकलेली यंत्रं शिकागो आणि डेट्रॉइटमधल्या खिसा रिकामा असलेल्या तरुण कृष्णवर्णीय मुलांच्या हाती लागली. शिकागोच्या फ्यूचर या गटाने सेकंडहँड ३०३ची बटणं भलतीकडे पिळली, आणि निघालेल्या चिरकणाऱ्या आवाजातून १९८७ साली ‘अ‍ॅसिड हाउस’ ही एक अख्खी शैली सुरू झाली. ‘जुना घे, स्वस्त पडेल’ हे शहाणपण त्या दुकानांत जन्मलं. त्या मुलांच्या हातात पैसे नव्हते, आणि श्रीमंतांनी टाकलेलं चांगलं यंत्र समोर पडलेलं होतं.

सोलापुरात तेव्हा काय होतं? पितळी बँड होता, गणपतीत आणि लग्नाच्या वरातीत बँजो पार्टी होती, आणि हिंदी-मराठी गाण्यांचे ऑर्केस्ट्रा होते. आपला बँजो म्हणजे पिकअप बसवलेलं बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज ताइशोगोतो जपानच्या नागोयात १९१२ साली गोरो मोरिता यांनी बनवला. माझ्या मते मिनीमूगने पाश्चात्त्य बँडमध्ये जे काम केलं, म्हणजे गर्दीच्या आवाजावर स्वार होणारी एकसुरी धून, तेच काम आपल्याकडे बँजोने केलं, आणि एका हप्त्याच्या कमाईत परवडेल अशा भावात. त्यामुळे सिंथची उणीव कुणाला भासली नाही.

अ‍ॅनालॉग यंत्रं इथवर न पोहोचण्याचं खरं कारण मात्र सरकारी धोरणात होतं. १९९१पर्यंत परदेशी वाद्य आणायचं तर परवाने आणि जबर शुल्क. सिंगापूर किंवा दुबईहून कुणी येताना आणलं तरच. मुंबईत चित्रपटांच्या जोरावर मोजकी यंत्रं आली आणि तिथेच राहिली. आयातीचं दार उघडलं तेव्हा पलीकडच्या कारखान्यांत अ‍ॅनालॉग बनणंच जवळजवळ थांबलं होतं. म्हणून आपल्याकडे आलं ते थेट डिजिटल: कॅसिओ, यामाहाची पीएसआर मालिका, कोर्ग आणि रोलंडचे वर्कस्टेशन, आणि ऑक्टोपॅड. ऑक्टोपॅडही रोलंडचाच, पहिला पॅड-८ हा १९८५ सालचा. आठ रबरी चौकोनांची ही पेटी महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रांनी अशी आपलीशी केली की ढोलकी, ढोल, ताशा सगळं तिच्यावर वाजू लागलं. सोलापुरातला सेकंडहँड बाजार आहे तो या वस्तूंचा. एका पार्टीने नवा घेतला की जुना दुसऱ्या पार्टीकडे जातो, ओळखीतून, जाहिरातीशिवाय. माळ्यावर पडलेला मिनीमूग शोधण्यात अर्थ नाही. तो कुणी माळ्यावर ठेवलेलाच नाही.

नव्वदीच्या मध्यापासून तिकडेही वारं फिरलं. इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत वाढलं, जुन्या आवाजांना मागणी आली, आणि १९९७ साली ३०३ व ८०८ची नक्कल करणारं सॉफ्टवेअर निघालं. लोकांना वाटलं, आता यंत्रांचा भाव पडेल. तो चढला. मग इंटरनेटवरच्या विक्रीने उरलासुरला स्वस्त माल संपवला. आज मूळ ३०३ किंवा मिनीमूगला काही हजार डॉलर पडतात. ते संग्राहकांचे दागिने झाले आहेत.

पुढचं वळण ग्राहकाच्या बाजूचं आहे. २०१३ साली कोर्गने एमएस-२०ची छोटी आवृत्ती काढली, आणि व्होल्का ही खरोखर स्वस्त अ‍ॅनालॉग मालिकाही त्याच वर्षी आली. मूळ रचनांवरच्या पेटंटची मुदत केव्हाच संपलेली, त्यामुळे २०१८ साली बेहरिंगरने मिनीमूगच्या सर्किटवर आधारलेलं मॉडेल डी तीनशे डॉलरच्या आसपास आणलं. नकलेच्या नैतिकतेवर बरंच भांडण झालं आणि ते संपलेलं नाही. पण हिशेब उलटला हे खरं. नवी नक्कल आता जुन्या मूळ यंत्राच्या दहाव्या हिश्शातही बसते.

तरीही कुणाला मूळ जुनंच हवं असेल, तर सोलापूरच्या हवेचा विचार आधी करावा. ट्रान्झिस्टर उष्णतेला हळवे असतात. तापमानाची भरपाई न केलेल्या सर्किटमध्ये खोली २५ अंशांवरून ३५वर गेली की सप्तकाचं माप सुमारे तीन टक्क्यांनी सरकतं. म्हणजे खालचा सा जुळवला तर वरचा सा जवळजवळ ४० सेंट हलतो, अर्ध्या सुराच्या निम्म्याला थोडा कमी. गायक लगेच मान वळवून बघेल. चांगल्या यंत्रांत यावर उपाय केलेला असतो, तापमानाबरोबर बदलणारा खास रेझिस्टर, किंवा आतून मुद्दाम गरम ठेवलेली ट्रान्झिस्टरची जोडी. पण चाळीस वर्षांनी तो उपाय कितपत शाबूत आहे हे वाजवूनच कळतं. आपल्याकडचा मे महिना ४०च्या वर जातो, आणि या यंत्रांच्या सेवापुस्तिका लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ती खोली नव्हती.

रोलंडची ज्युनो-१०६ (१९८४) सुराच्या बाबतीत निश्चिंत, कारण तिच्या ऑसिलेटरला डिजिटल घड्याळ ताल देतं. पण तिची दुखरी जागा वेगळी आहे. सहा आवाजांसाठी सहा चिप, आणि त्यांच्यावर ओतलेलं राळेसारखं आवरण काळाबरोबर त्या चिपनाच मारतं. एक सोपी परीक्षा आहे: एकच पट्टी सावकाश सहा-सात वेळा दाबायची. यंत्र दर वेळी पुढच्या चिपकडे जातं, आणि मेलेल्या चिपच्या वेळी आवाज गायब होतो किंवा खरखरतो. बदली चिप मिळतात, पण त्या मागवून सोल्डर करणारा हात लागतो. सोलापुरात अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे उत्तम कारागीर आहेत. कोरडे पडलेले कपॅसिटर ते डोळे झाकून बदलतील. सिंथचं सूरजुळणीचं काम मात्र पुस्तिका समोर ठेवून, त्यांच्या शेजारी बसूनच करून घ्यावं लागेल.

मागच्या बाजूची पाटी सगळ्यात आधी वाचायची. जपानमधल्या बाजारासाठी बनलेलं यंत्र १०० व्होल्टचं, अमेरिकेतलं ११७ किंवा १२०चं. आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात ते थेट लावलं तर फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जातो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावाच लागतो. शिवाय यंत्रमागाच्या वस्तीत राहणाऱ्यांनी स्लायडर, म्हणजे वर-खाली सरकणारी बटणं, बघावीत. आर्प ओडिसी, एसएच-१०१, ज्युनो या सिंथच्या पटलावर उघड्या खाचा असतात, आणि कापसाचा तूस त्यांत बसला की आवाज तुटक होतो. वापर नसेल तेव्हा वर जाड चादर टाकावी. तिची आपल्या गावात वानवा नाही.

परदेशातून मागवणं आजही सरळ नाही. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीला परवान्याचा प्रश्न येऊ शकतो, शुल्क आणि वाहतूक मिळून स्वस्ताई तिथेच संपते, आणि वाटेत मोडलं तर परत कुणाला करणार?

म्हणून स्वस्त पर्याय म्हणून सेकंडहँड घ्यायचंच असेल, तर २०१३पासूनच्या पिढीतलं घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्या-मुंबईत हौसेने घेतलेले व्होल्का, एमएस-२० मिनी, मॉडेल डी वर्षा-दोन वर्षांत विकायला निघतात. ते २३० व्होल्टवर त्यांच्या अ‍ॅडॉप्टरने चालतात, सुटे भाग मिळतात, आणि आवाज घडवण्याची पद्धत तीच पन्नास वर्षांपूर्वीची आहे. हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन एका दिवसात बघून येता येतं. मालकाच्या घरी यंत्र तासभर चालू ठेवायला सांगा, मोबाइलवर ट्यूनर लावा, आधी थंड असताना आणि मग तापल्यावर खालचा व वरचा सा तपासा. प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा, प्रत्येक पट्टी दाबा, हेडफोनवर शांतपणे घरघर ऐका. आणि शक्य असेल तर हे सगळं उन्हाळ्यात, एसी बंद करून करा.